‘अंगावरून वारं गेलं’ म्हणजे मेंदूत नक्की काय होतं?



रक्तदाबावर लिहिलेल्या लेखानंतर दोन-तीन वाचकांचे फोन आले आणि सगळ्यांचा प्रश्न जवळजवळ एकच होता. घरातल्या कुणाला पक्षाघात झाला, इस्पितळात नेले आणि डॉक्टर म्हणाले, ‘थोडे लवकर आणले असते तर!’ लवकर म्हणजे किती लवकर? आणि त्या मधल्या वेळात डोक्यात असे काय घडते, की ते नंतर भरून येत नाही?

प्रश्न अगदी रास्त आहे. आपल्याकडे जुनी माणसे ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणत. वाऱ्यापुढे कुणाचे काय चालणार, म्हणून तेल चोळायचे, देवाचे नाव घ्यायचे आणि वाट बघायची. हे वारे नाही, रक्त अडल्याचा परिणाम आहे, आणि त्यापुढे आपले पुष्कळ काही चालते. मात्र त्यासाठी आत काय घडते ते थोडे समजून घ्यायला हवे. मी मुंबईत बरीच वर्षे नर्स म्हणून काम केले आणि आता न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला मुलाकडे राहते. या विषयावरचे काही महत्त्वाचे संशोधन याच देशात झाले आहे, त्याबद्दलही सांगेन. लेख थोडा मोठा आहे. दोन बैठकीत वाचला तरी चालेल.

आधी दोन प्रकार

पक्षाघात मुख्यतः दोन प्रकारचा असतो. एकात मेंदूतली रक्तवाहिनी फुटून रक्तस्राव होतो. दुसऱ्यात रक्ताची गुठळी अडकून रक्तवाहिनी बंद होते. दहा रुग्णांपैकी साधारण आठ जणांना हा दुसरा प्रकार होतो. आजचा लेख त्याच्याविषयी आहे. बाहेरून बघून दोन्ही सारखेच दिसतात. कितीही अनुभवी डॉक्टर असला तरी सीटी स्कॅन केल्याशिवाय फरक ओळखू शकत नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

पहिली मिनिटे : इंधन संपते

आपला मेंदू शरीराच्या वजनाचा फक्त 2 टक्के असतो, पण शरीर घेत असलेल्या प्राणवायूपैकी सुमारे 20 टक्के एकटा वापरतो. एवढा खाणारा असूनही घरात साठा मात्र काही ठेवत नाही. स्नायूंमध्ये आणि यकृतात साखरेचा साठा असतो. मेंदूत तो नावापुरताच असतो. रोजच्या रोज आणून रोज खाणारे घर असावे, तसा त्याचा कारभार. रक्त येत राहिले तर चूल पेटती, रक्त थांबले की चूल विझली.

ही चूल म्हणजे पेशीतील मायटोकाँड्रिया. त्या साखर आणि प्राणवायू वापरून एटीपी नावाचे इंधन बनवतात. निरोगी मेंदूच्या दर 100 ग्रॅम भागातून मिनिटाला साधारण 50 मिलिलिटर रक्त वाहते. ते 20 च्या खाली गेले की मज्जापेशी काम थांबवते. हात उचलत नाही, शब्द फुटत नाही. 10 च्या खाली गेले की पेशी मरू लागते. या दोन आकड्यांमधली जागा फार महत्त्वाची आहे, तिच्याकडे परत येऊ.

होडीत पाणी शिरते

एटीपीचा सर्वांत मोठा खर्च कशावर होतो? पेशीच्या भिंतीतल्या पंपांवर. पेशीच्या बाहेर सोडियम, म्हणजे मिठातले सोडियम, जास्त असते आणि आत पोटॅशियम जास्त असते. सोडियम सतत आत झिरपत असते आणि पंप ते सतत बाहेर फेकत असतात. या फरकावरच मज्जापेशीची वीज चालते.

आपले पूर्वज नवगावच्या किनाऱ्याला गलबत फुटून उतरले, असे आपल्या घराघरांत सांगतात. कोकणातल्या माणसाला होडीचा दाखला लगेच कळेल. लाकडी होडीत थोडे पाणी येतच असते. एक माणूस उपसत राहिला तर होडी तरंगते. तोच दमून बसला, तर नवीन भोक पडायची गरज नाही, आहे त्याच फटींतून होडी भरते. मज्जापेशीचे तसेच होते. एटीपी संपले, पंप थांबले, सोडियम आत आले आणि त्याच्या मागोमाग पाणी. पेशी फुगते. मेंदूला येणारी ही पहिली सूज.

कामाचेच रसायन विष होते

यापुढची पायरी विचित्र आहे. मज्जापेशी एकमेकींशी रसायनांच्या थेंबांतून बोलतात. त्यातले सर्वांत जास्त वापरले जाणारे रसायन म्हणजे ग्लुटामेट. एक पेशी थेंबभर ग्लुटामेट सोडते, शेजारची पेशी जागी होते, आणि उरलेले ग्लुटामेट लगेच उचलून परत नेले जाते. दार वाजवले, दार उघडले, आवाज थांबला.

इंधन संपल्यावर पेशीचा ताबा सुटतो आणि तिच्यातले ग्लुटामेट भसाभस बाहेर पडते. ते उचलून नेणारे पंपही बंद पडलेले असतात. मग शेजारच्या पेशीचे दार न थांबता बडवले जाते. तिला विश्रांती मिळत नाही, तिचे उरलेसुरले इंधन संपते, आणि तीही ग्लुटामेट सोडू लागते. आग जशी एका घरावरून दुसऱ्या घरावर जाते, तसा हा प्रकार पसरतो.

ग्लुटामेट जास्त झाले तर मज्जापेशी मरतात, हे अमेरिकेतले संशोधक जॉन ओल्नी यांनी 1969 मध्ये उंदरांच्या पिल्लांवर दाखवले. त्यांनी वापरलेला पदार्थ म्हणजे आपल्या चायनीज भाजीतला अजिनोमोटो. हे वाचून घाबरू नका. मोठ्या निरोगी माणसाच्या मेंदूभोवती एक बारीक चाळणी असते आणि जेवणातले ग्लुटामेट तिच्यातून आत जवळजवळ जात नाही. पक्षाघातात त्रास देते ते मेंदूचे स्वतःचे ग्लुटामेट.

कॅल्शियमचा लोंढा

ग्लुटामेटने दार सतत उघडे ठेवले की आत येते ते कॅल्शियम. हाडांना लागणारे हेच कॅल्शियम मज्जापेशीच्या आत अत्यंत कमी असावे लागते. बाहेरच्या मानाने आत ते सुमारे दहा हजार पट कमी असते. पेशी ते इतके मोजून-मापून वापरते, कारण कॅल्शियम ही तिच्या आतली हुकूम देणारी खूण आहे. चिमूटभर आले तर एक काम सुरू होते. लोंढा आला तर सगळी कामे एकदम सुरू होतात, आणि त्यात तोडफोड करणारी कामेही असतात. एक विकर पेशीच्या सांगाड्यातली प्रथिने कापते, दुसरे तिच्या आवरणातली चरबी विरघळवते, तिसरे तिच्या केंद्रातला डीएनए तोडते. मायटोकाँड्रिया जास्तीचे कॅल्शियम पोटात घेतात, फुगतात आणि बिघडतात. म्हणजे चूल विझली होती, आता ती फुटलीही.

इथपर्यंतचे सगळे मिनिटांत घडते. म्हणून गुठळीच्या अगदी मागचा भाग, जिथे रक्त जवळजवळ पोचतच नाही, तो वाचवता येत नाही.

ग्रहणाची उपछाया

पण सगळीकडे रक्त सारखेच थांबत नाही. आजूबाजूच्या लहान रक्तवाहिन्या आडवाटेने थोडे रक्त पोचवत असतात. मेलेल्या भागाभोवती असा एक पट्टा असतो, जिथे रक्त 20 च्या खाली पण 10 च्या वर आहे. तिथल्या पेशी काम करत नाहीत, पण जिवंत असतात. 1970 च्या दशकात लंडनमध्ये आस्त्रुप आणि सायमन यांच्या गटाने हा पट्टा दाखवून दिला आणि त्याला ग्रहणातल्या उपछायेचे नाव दिले. चंद्रग्रहणात पूर्ण काळोखाभोवती फिकट सावली असते ना, तशी.

वाचकहो, सगळी धावपळ या उपछायेसाठी असते. रुग्णाचा हात पडला, तोंड वाकडे झाले, तेव्हा त्या क्षणी जे काम बंद दिसते त्यातला बराच भाग मेलेला नसतो, मूर्च्छित असतो. रक्त परत आले तर तो उठतो. आले नाही तर ग्लुटामेट, कॅल्शियम आणि सूज त्याला आतून खात जातात आणि काळोख पसरतो.

किती वेगाने? अमेरिकेतले डॉ. जेफ्री सेव्हर यांनी 2006 मध्ये हिशेब मांडला. मोठी रक्तवाहिनी बंद झाली आणि उपचार मिळाला नाही, तर दर मिनिटाला सरासरी 19 लाख मज्जापेशी जातात. एका तासात मेंदू जणू 3.6 वर्षांनी म्हातारा होतो. हा सरासरीचा आकडा आहे. कुणाच्या आडवाटा चांगल्या असतात, कुणाच्या नसतात. पण ‘बघू या अर्धा तास’ या शब्दांची किंमत त्यातून कळते.

रक्त परत आले तरी धोका

मग रक्त केव्हाही सुरू करावे, उशिरा का होईना! तसेही नाही. उपाशी राहिलेल्या पेशीवर प्राणवायू एकदम आदळला की बिघडलेल्या मायटोकाँड्रियांमधून मुक्त मूलके नावाचे जाळणारे कण बाहेर पडतात. ते चरबी, प्रथिने, डीएनए सगळ्यांना डागतात. दुसरे असे, की उपासमार लांबली तर रक्तवाहिन्यांच्या भिंतीही कमकुवत होतात. मघाशी जी चाळणी म्हटली, ती फाटते. फाटक्या नळात जोराने पाणी सोडले तर काय होईल? मेंदूत रक्तस्राव होतो.

म्हणून गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात. 1995 मध्ये ते उपयोगी ठरले तेव्हा मर्यादा 3 तासांची होती, 2008 मध्ये ती साडेचार तास झाली. ही मर्यादा डॉक्टरांच्या सोयीसाठी नाही, ती त्या फाटणाऱ्या भिंतींची आहे. आणि साडेचार तासांपर्यंत वेळ आहे असाही तिचा अर्थ नाही. पहिल्या तासात दिलेल्या औषधाचा गुण चौथ्या तासात दिलेल्याला येत नाही.

2015 पासून आणखी एक उपाय पक्का झाला. जांघेतल्या रक्तवाहिनीतून बारीक नळी मेंदूपर्यंत नेऊन गुठळी ओढून काढतात. त्या वर्षी सिद्ध झालेल्या पाहण्यांपैकी एक ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या इस्पितळांनी मिळून केली होती. 2018 नंतर काही निवडक रुग्णांना 24 तासांपर्यंतही हा उपाय करता येऊ लागला, पण कुणाला? ज्यांच्या स्कॅनमध्ये उपछाया अजून शिल्लक दिसते त्यांनाच. शेवटी गोष्ट तिथेच येते.

तिसऱ्या दिवसाची सूज

अनेक घरांत हा अनुभव असेल. रुग्ण पहिल्या दिवशी बोलत होता आणि तिसऱ्या दिवशी झोपाळल्यासारखा झाला. नातेवाइकांना वाटते इस्पितळाने हेळसांड केली. बहुतेक वेळा कारण असे असते, की मेलेल्या पेशींचा कचरा उचलायला मेंदूतल्या सफाई पेशी आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी धावून येतात. सफाई करता करता त्या जी रसायने सोडतात त्यांनी आजूबाजूच्या चांगल्या पेशींनाही इजा होते आणि सूज वाढते. कवटी काही ताणत नाही. ही सूज साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सर्वांत जास्त असते. काही जखमी पेशी लगेच मरत नाहीत, आतून ठरवून हळूहळू कारभार आटोपतात. हे पुढे काही दिवस चालते.

अशा वेळी ताप आला किंवा साखर वाढली तर उपछायेतल्या पेशींवर दुहेरी भार पडतो. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्यात 19 पक्षाघात विभागांमध्ये केलेली पाहणी 2011 मध्ये प्रसिद्ध झाली. नर्सेसनी पहिले तीन दिवस तीनच गोष्टी काटेकोर सांभाळल्या : ताप, साखर आणि गिळण्याची तपासणी. तीन महिन्यांनी बघितले तर मरण पावलेले किंवा परावलंबी झालेले रुग्ण शंभरात पंधरांहून अधिक कमी होते. नवीन औषध नाही, महागडे यंत्र नाही. नर्स म्हणून मला या पाहणीचा फार अभिमान वाटतो.

न्यूझीलंडच्या दोन गोष्टी

पहिली ऑकलंडची. जन्माच्या वेळी बाळाला प्राणवायू कमी पडला तर त्याच्याही मेंदूत जवळजवळ हीच साखळी चालते. ऑकलंड विद्यापीठात अ‍ॅलिस्टर गन, टानिया गन, पीटर ग्लकमन आणि त्यांचे सहकारी यांनी मेंढीच्या गर्भावर अभ्यास केला. मेंढ्यांचा देश तो! त्यांना दिसले, की रक्त परत सुरू झाल्यावर मेंदू काही तास सावरल्यासारखा दिसतो आणि मग पुन्हा ढासळतो. सूज येते, झटके येतात. मधले हे सुमारे सहा तास म्हणजे संधी. त्या वेळात डोके गार केले आणि तीन दिवस गार ठेवले तर पुष्कळ पेशी वाचतात, असे त्यांनी 1997 मध्ये प्रसिद्ध केले. गारव्याने पेशींचा खर्च कमी होतो, ग्लुटामेट कमी सुटते, मुक्त मूलके कमी होतात, आणि ठरवून मरणाऱ्या पेशी थांबतात. एकाच उपायाने साखळीच्या अनेक कड्या ढिल्या होतात.

1998 मध्ये त्यांनी नवजात बाळांवर गार टोपीचा पहिला छोटा प्रयोग सुरक्षित असल्याचे दाखवले, आणि 2005 मध्ये अनेक देशांतल्या 234 बाळांची पाहणी प्रसिद्ध झाली. आज जगातल्या पुष्कळ इस्पितळांत अशा बाळांना गार करणे हा नेहमीचा उपचार झाला आहे. मोठ्या माणसांच्या पक्षाघातात मात्र हा उपाय अजून सिद्ध झालेला नाही. त्यामुळे कुणी आजोबांच्या डोक्यावर बर्फ ठेवू नये!

दुसरी गोष्ट डनेडिनची. ओटागो विद्यापीठातले अँड्र्यू क्लार्कसन यांनी अमेरिकेत असताना तिथल्या सहकाऱ्यांसह 2010 मध्ये एक शोध प्रसिद्ध केला. मेंदूत ग्लुटामेट हा चाबूक, तर गाबा नावाचे रसायन हा लगाम. पक्षाघातानंतर जखमेच्या कडेला हा लगाम जास्त आवळला जातो, म्हणून तिथल्या पेशी नवीन काम शिकत नाहीत. त्यांनी उंदरांना लगाम सैल करणारे औषध दिले. तिसऱ्या दिवसापासून दिले तर उंदरांचे पाय लवकर सुधारले. पण तेच औषध पक्षाघात झाल्याझाल्या दिले तर जखम वाढली. सुरुवातीला लगाम मेंदूचे रक्षण करतो आणि नंतर तोच आडवा येतो.

मला या शोधातून एक धडा महत्त्वाचा वाटतो. एकच रसायन आज शत्रू आणि चार दिवसांनी मित्र असू शकते. म्हणूनच मज्जापेशी वाचवणारे औषध मिळणे इतके अवघड झाले आहे. मेलबर्नच्या संशोधकांनी 2006 मध्ये मोजले, तर पक्षाघातावर प्रयोग झालेले उपाय 1,026 निघाले. प्राण्यांवर पुष्कळ चालले, माणसांवर त्यातले जवळजवळ काहीच टिकले नाही. तेव्हा मोबाईलवर ‘मेंदूच्या पेशी परत आणणारे चूर्ण’ अशी जाहिरात आली तर पैसे पाठवू नका.

रुग्णाला खरोखर पुढे नेणारी गोष्ट म्हणजे व्यायाम. जखमेच्या कडेच्या पेशी नवीन जोड तयार करतात, पण ज्या कामाचा सराव होईल त्याच कामाचे. पहिल्या काही महिन्यांत हा वेग सर्वांत जास्त असतो आणि नंतरही तो पूर्ण थांबत नाही. म्हणून फिजिओथेरपिस्टने सांगितलेला व्यायाम कंटाळवाणा वाटला तरी सोडू नका. बोलणे गेले असेल तर घरच्यांनी रुग्णाचे वाक्य पुरे करायची घाई करू नये.

एका मावशींची गोष्ट

माझ्या ओळखीतल्या एक मावशी इथेच मुलाकडे राहतात. एका शनिवारी सकाळी चहाचा कप त्यांच्या हातातून निसटला आणि जीभ जड झाली. घरी त्या एकट्या होत्या. मुलगा कामावर, त्याला कशाला त्रास द्यायचा! शिवाय शब्बाथ, फोन कसा करायचा! आणि फोन उचलला तरी इंग्रजीत सांगायचे कोणाला! त्या पडून राहिल्या. दुपारी मुलगा आला तेव्हा सहा तास झाले होते. त्या वाचल्या, हळूहळू चालूही लागल्या, पण उजवा हात अजून पूर्वीसारखा काम करत नाही. पूर्वी त्या दर सणाला हलवा करायच्या. आता सून ढवळते आणि त्या शेजारी बसून सांगतात.

त्यांच्या तिन्ही कारणांना उत्तर आहे, म्हणून ही गोष्ट त्यांना विचारून सांगते आहे. मुलाला त्रास कामाच्या वेळी फोन आल्याने होत नाही, आईचा हात गेल्याने होतो. शब्बाथच्या बाबतीत आपला धर्म अगदी स्पष्ट आहे. पिकुआह नेफेश, म्हणजे जीव वाचवणे, हे शब्बाथपेक्षा मोठे. अशा वेळी फोन करणे हे पाप तर नाहीच, ते कर्तव्य आहे. आणि भाषेसाठी पूर्ण वाक्याची गरज नाही. ‘स्ट्रोक’ हा एक शब्द आणि पत्ता एवढे पुरते.

काय लक्षात ठेवायचे

न्यूझीलंडमध्ये 2016 पासून टीव्हीवर आणि बसस्टॉपवर पक्षाघात ओळखण्याची मोहीम चालते. तिचे मराठीत मी असे करून घेतले आहे : चेहरा, हात, बोलणे, वेळ.

चेहरा : हसायला सांगा. तोंडाची एक बाजू खाली ओघळते का?
हात : दोन्ही हात वर करायला सांगा. एक हात खाली येतो का?
बोलणे : आपले नाव आणि गावाचे नाव सांगायला लावा. शब्द अडखळतात, चुकीचे येतात का?
वेळ : यातले एक जरी असले तरी घड्याळ बघा आणि लगेच रुग्णवाहिका बोलवा.

एकदम तोल जाणे, एका डोळ्याने दिसेनासे होणे, यांनाही तेवढेच महत्त्व द्या.

आपले वाचक चार देशांत आहेत, म्हणून क्रमांक देते. न्यूझीलंडमध्ये 111, ऑस्ट्रेलियात 000, इस्राएलमध्ये 101, महाराष्ट्रात 108. मोठ्या अक्षरांत लिहून फोनजवळ चिकटवा. खाली घराचा पत्ता, चालू गोळ्यांची नावे आणि मुलांचे नंबर लिहा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती लाल शाईने लिहा.

रुग्णवाहिका येईपर्यंत चार गोष्टी करू नका.

पाणी, चहा, गोळी, काहीही तोंडाने देऊ नका. गिळण्याचे स्नायू लुळे पडलेले असू शकतात आणि पाणी फुप्फुसात जाते.

घरातली अ‍ॅस्पिरिन देऊ नका. सुरुवातीचे वाक्य आठवा. स्कॅन होईपर्यंत गुठळी आहे की रक्तस्राव हे कुणालाच माहीत नसते. रक्तस्राव असेल तर अ‍ॅस्पिरिन आगीत तेल.

बोटांच्या टोकांना सुई टोचून रक्त काढू नका. हा निरोप दर वर्षी फिरत असतो. त्यात काही तथ्य नाही, फक्त वेळ जातो.

स्वतःच्या गाडीने जवळच्या दवाखान्यात नेऊ नका. रुग्णवाहिकेतल्या लोकांना कुठल्या इस्पितळात स्कॅन आणि औषध मिळेल ते ठाऊक असते आणि ते आधीच कळवून ठेवतात. इथे लहान गावातल्या इस्पितळातही मोठ्या शहरातला तज्ज्ञ पडद्यावरून रुग्ण बघून औषध द्यायला सांगतो. वेलिंग्टनच्या डॉ. अ‍ॅना रांटा यांनी ही पद्धत इथे रुजवायला मोठे काम केले.

एक मात्र नक्की करा. रुग्ण शेवटचा ठीक कधी दिसला ती वेळ लिहून ठेवा. डॉक्टर सगळ्यात आधी तेच विचारतील, आणि का विचारतात ते आता तुम्हाला माहीत आहे.

पाच मिनिटांत बरे वाटले तर?

हात लुळा पडला आणि पाच-दहा मिनिटांत पूर्ववत झाला, असे झाले तर देवाचे आभार माना आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. याला छोटा पक्षाघात म्हणतात. गुठळी आली आणि विरघळून गेली. मोठा झटका येण्याचा धोका त्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांतच सर्वांत जास्त असतो. ‘पुढच्या आठवड्यात दाखवू’ इथे चालत नाही.

मुळातच टाळायचे असेल तर

ऑकलंडमध्ये रूथ बोनिटा यांनी 1981 साली शहरातल्या प्रत्येक पक्षाघाताची नोंद करायला सुरुवात केली आणि ती मोजणी दर दहा वर्षांनी झाली. पुढे व्हॅलेरी फेगिन यांनी ते काम नेले. त्यातून दिसले, की एकूण पक्षाघातांचे प्रमाण कमी होत गेले, म्हणजे तो टाळता येतो. पण माओरी आणि पॅसिफिक बेटांवरच्या लोकांना तो गोऱ्या लोकांपेक्षा 10 ते 15 वर्षे आधी गाठतो, हेही त्यातच दिसले. टाळण्याचे उपाय सगळ्यांपर्यंत सारखे पोचत नाहीत, हा त्याचा अर्थ.

सर्वांत मोठे कारण रक्तदाब. गोळी बरे वाटले म्हणून बंद करू नका. बरे वाटते ते गोळीमुळेच. नाडी अनियमित लागते का ते डॉक्टरांकडून तपासून घ्या. हृदयाचा ठोका चुकतो तिथे रक्त साचून गुठळ्या होतात आणि त्या थेट मेंदूत जातात. साखर, तंबाखू आणि मिश्री यांविषयी नव्याने सांगायला नको.

मिठाबद्दल आपल्या घरापुरते थोडे. सुके बोंबील, सुकट, लोणचे, पापड यांत मीठ भरपूर असते हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण कोशेर करताना आपण मांसाला मीठ लावून ठेवतो, आणि धुतले तरी त्यातले थोडे मुरलेले राहते, हे पुष्कळदा विसरले जाते. त्या रश्श्यात वरून घालायचे मीठ निम्मे करा. नारळाचे दूध आणि कोकम असले की चव कमी वाटत नाही. किप्पूरचा उपास धरण्याआधी, विशेषतः रक्तदाबाच्या, साखरेच्या किंवा रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर, डॉक्टरांशी आठवडाभर आधी बोला. गोळी घ्यायलाच हवी असे त्यांनी सांगितले तर ती घेण्यात संकोच नको.

हा अंक वाचून झाला की एक काम करा. आज घरात जे कोणी असेल, नवरा, बायको, सून, नातवंड, त्यांना चेहरा, हात, बोलणे, वेळ हे चार शब्द म्हणून दाखवा आणि त्यांच्याकडून म्हणवून घ्या. झटका ज्याला येतो त्याला पुष्कळदा स्वतःला कळत नाही, शेजारच्याला कळावे लागते. एकटे राहत असाल तर सकाळी एक ठरलेला फोन करणारा मित्र किंवा मैत्रीण जोडून घ्या. मावशींनी आता तेच केले आहे. रोज आठ वाजता आमचा फोन असतो. दोन मिनिटे बोलतो, आदल्या रात्री काय रांधले ते सांगतो आणि ठेवतो.

पुढच्या अंकात नाडीचा ठोका कसा मोजायचा आणि तो चुकतो म्हणजे काय, ते पाहू. सर्वांना उत्तम आरोग्य लाभो.